जत्रेच्या वर्षाची आठवण

माझी मावसबहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. गेल्या महिन्यात तिला दवाखान्यात दाखवायला मावशीबरोबर मीही गेले होते. तिथल्या सिस्टरने एक छापील कागद पुढे घेतला आणि भराभर विचारायला सुरुवात केली. घरात कोणाला शुगर? "हाय की, माझ्या आईला होती." बीपी? "ह्यांना हाय. रोज गोळी घेतात." थायरॉइड? जुळी मुले? मावशी न अडखळता सांगत होती. त्याच सुरात सिस्टरने पुढचे विचारले, "घरात कोणाला मानसिक आजार?" मावशी एकदम ताठ झाली. "छे गे बाई! आमच्या घरात कोण वेडं नाही." सिस्टरने 'नाही'वर खूण केली आणि ती पुढच्या प्रश्नाकडे वळली.

त्याच संध्याकाळी आम्ही कट्ट्यावर बसलो होतो. शेजारच्या अक्काही आल्या होत्या. गावची लक्ष्मीची जत्रा पुढच्या वर्षी भरणार, म्हणून तोच विषय निघाला. आपल्याकडे ही जत्रा बारा-पंधरा वर्षांनी, कुठे वीस वर्षांनीही येते. त्यामुळे 'मागच्या जत्रेला कोण कोण होते' ही उजळणी ठरलेलीच. मागची झाली, मग तिच्या मागची निघाली. कोणाचे लग्न नुकतेच झाले होते, कोणाचे घर तेव्हा पत्र्याचे होते, पाहुणे किती आले होते. मावशी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या जत्रेला मी देवीचं तोंडसुद्धा बघितलं नाही."

आम्ही सगळ्या तिच्याकडे बघायला लागलो. थोरला तेव्हा पाळण्यात होता. घर पाहुण्यांनी भरलेले. देवी गदगेवर बसली, सगळा गाव लोटला, आणि ही आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली. रात्र रात्र झोप नाही. जेवण घशाखाली उतरत नव्हते. बाळाला घ्यायची भीती वाटायची, हातून पडेल म्हणून. रडू कधी यायचे आणि का यायचे, तेच कळायचे नाही. सासूबाई म्हणाल्या, नजर लागली. दृष्ट काढून झाली, अंगारा झाला. शेवटी आईने माहेरी नेले. "पंचमीच्या उंड्या करायला बसले तेव्हा जरा माणसात आल्यागत वाटलं," मावशी म्हणाली. अक्कांनी मान हलवली. "हौदरी, आवाग इवरिगे भाळ बेजार आगित्तु."

वैशाखातल्या जत्रेपासून श्रावणातल्या पंचमीपर्यंत. म्हणजे चांगले तीन महिने! आणि सकाळी त्याच बाईने 'आमच्या घरात तसले काही नाही' असे सांगितले होते.

मावशी खोटे बोलली का? मला तसे मुळीच वाटत नाही. सकाळी तिला जे विचारले, त्या प्रश्नातून ते तीन महिने तिला दिसलेच नाहीत. संध्याकाळी कोणी काही विचारलेही नव्हते. जत्रेचे नाव निघाले आणि त्या वर्षाचे दार आपोआप उघडले. आजचा हा लेख या एका गोष्टीबद्दलच आहे. मनाच्या जुन्या दुखण्याबद्दल माणूस 'नाही' म्हणतो, तेव्हा ते 'नाही' अनेकदा आपल्या विचारण्याच्या पद्धतीतून आलेले असते.

ही अडचण केवळ आपल्या घरातली नाही. मानसिक आरोग्याची पाहणी करणारे जगभरचे अभ्यासक गेली चाळीस-पन्नास वर्षे याच प्रश्नाशी झगडत आहेत. घरोघर जाऊन 'आयुष्यात कधी असे झाले होते का' असे विचारायचे, येणाऱ्या उत्तरांची बेरीज करायची आणि त्यावरून किती दवाखाने, किती डॉक्टर लागतील ते ठरवायचे, अशी ही पद्धत. उत्तरच अर्धे आले तर पुढचा सगळा हिशेब अर्धा राहतो.

किती अर्धा, हे अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातल्या एका पाहणीने दाखवून दिले. तिथे १९८१ साली काही लोकांच्या मुलाखती घेतल्या आणि पुढेही ठरावीक वर्षांनी त्याच लोकांना पुन्हा गाठले. शेवटची फेरी २००४-०५ मध्ये झाली. त्या फेरीत सापडलेल्या १,०७१ जणांची सगळी जुनी-नवी उत्तरे अभ्यासकांनी शेजारी शेजारी ठेवली. शेवटच्या मुलाखतीत 'मला आयुष्यात कधीतरी नैराश्याचा आजार झाला होता' असे ज्यांच्या सांगण्यावरून दिसत होते, ते होते ४.५ टक्के. पण आधीच्या सगळ्या फेऱ्या धरल्या, तर तो आजार होऊन गेलेले निघाले १३.१ टक्के. जवळजवळ तिप्पट! म्हणजे त्या त्या वेळी ज्यांनी स्वतःच्या तोंडाने सगळी लक्षणे सांगितली होती, त्यांतल्या पुष्कळांनी काही वर्षांनी 'मला कधीच काही नव्हते' असे सांगितले. मधुमेहाचे मात्र तसे झाले नाही. शेवटी विचारल्यावर १८.२ टक्के, आणि सगळ्या फेऱ्या मिळून २०.२ टक्के. साखर लक्षात राहते, मनाचे दुखणे विसरले जाते. २०१४ साली ही आकडेवारी प्रसिद्ध झाली. ती वाचताना मला सिस्टरपुढे बसलेली मावशीच आठवली.

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन गावचा दाखलाही असाच आहे. तिथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा मागोवा लहानपणापासून घेतला जातो. ठरावीक वर्षांनी त्यांना बोलावून नजीकच्या काळाबद्दलच विचारतात. ही मुले बत्तीस वर्षांची होईपर्यंतची बेरीज केली, तेव्हा नैराश्य किंवा चिंतेचा आजार कधी ना कधी होऊन गेलेल्यांचे प्रमाण, एकदाच विचारून केलेल्या मोठ्या पाहण्यांपेक्षा सुमारे दुप्पट निघाले. २०१० साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

असे का होते? मधुमेहाला कागद असतो, गोळी असते, रिपोर्टातला आकडा असतो. मनाच्या आजाराला बहुतेक वेळा नावच दिलेले नसते. मावशीच्या त्या तीन महिन्यांना घरात 'नजर लागली होती' एवढेच नाव होते. मग 'मानसिक आजार' या खणात ते सापडणार कसे? आणखी एक कारण म्हणजे, बरे झालेले माणूस मागे वळून बघते ते आजच्या नजरेने. आज संसार सुखाचा आहे, मुलगा मिळवता आहे, मग 'तेव्हा एवढे काय झाले होते' असेच वाटते. याच्या उलटही घडते. आज ज्याचे मन खचलेले आहे, त्याला मागचे सगळे काळेच दिसते. तिसरी गोष्ट लाजेची. आपल्या भागात 'धारवाडला नेले' या दोन शब्दांचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. खरे म्हणजे धारवाडच्या त्या संस्थेत आज झोप न येणारी, घाबरी होणारी, उदास असणारी साधी माणसेही उपचाराला जातात आणि घरी येऊन कामाला लागतात. पण शब्दाची भीती अजून गेलेली नाही.

आणि शेवटचे कारण अगदी व्यवहाराचे आहे. लांबलचक मुलाखतीत माणसाच्या लवकरच लक्षात येते की 'होय' म्हटले की त्यावर आणखी दहा प्रश्न येतात. 'नाही' म्हटले की पान उलटते. स्वयंपाक खोळंबलेला, बाहेर दूधवाला आलेला. माणूस 'नाही' म्हणायला शिकतो.

यावर उपाय शोधणाऱ्यांत अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले चार्ल्स कॅनेल हे मोठे नाव. आरोग्याच्या मुलाखतीत लोक का विसरतात याचा त्यांनी अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांचे उपाय ऐकायला अगदी साधे वाटतात. प्रश्न फार तुटक विचारू नये. थोडा लांब, सावकाश विचारला तर माणसाला तेवढा वेळ विचार करायला मिळतो. सुरुवातीलाच सांगावे की हे काम महत्त्वाचे आहे, उत्तर लगेच नाही सुचले तरी चालेल, वेळ घ्या. आणि मग सरळ विचारावे, 'नीट आठवून सांगायची तुमची तयारी आहे ना?' माणसाने एकदा 'हो' म्हटले की ते आपला शब्द पाळायला बघते. घाईने दिलेल्या उत्तराला मात्र मान हलवून पुढे जाऊ नये, 'जरा आठवून बघा' असे म्हणावे.

पुढे रोनाल्ड केसलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०-९२ मध्ये अमेरिकेत आठ हजारांहून अधिक लोकांची मोठी पाहणी केली, तेव्हा यात भर घातली. प्रत्येक आजाराचा पहिला मुख्य प्रश्न त्यांनी मुलाखतीच्या अगदी सुरुवातीला एकत्र आणला. उदास वाटण्याचा काळ, एकाएकी घाबरे होण्याचा प्रसंग, सतत काळजीचे महिने, असा सगळ्या आयुष्याचा आधी एक आढावा. 'होय'नंतरचे खोलातले प्रश्न मागाहून. 'होय म्हटले की काम वाढते' हे कळायच्या आतच माणसाने मोकळेपणाने सांगून टाकलेले असते. शिवाय एकच शब्द पकडून न बसता उदासपणा, हताशपणा आणि कशातच रस न वाटणे या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या विचारायच्या. कोणाला 'उदास' हा शब्द लागू वाटणार नाही, पण 'कशातच जीव रमत नव्हता' म्हटले की तो चटकन 'होय' म्हणेल.

याच धाटणीची प्रश्नावली पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहण्यांत अनेक देशांत वापरली गेली. आपल्या पुण्यातही सुमारे तीन हजार प्रौढांची पाहणी तिच्या आधारे झाली आणि २०१२ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात आयुष्यात कधी ना कधी मानसिक विकार झालेले सुमारे ५ टक्के निघाले. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय पाहणी केली. तिची प्रश्नावली वेगळी होती. त्या बारांत गुजरात आणि मध्य प्रदेश होते, कर्नाटक आणि महाराष्ट्र नव्हते. दर वीस प्रौढांत एकाला आयुष्यात कधीतरी नैराश्याचा आजार झालेला आहे, असे तिच्यात दिसले. वेगवेगळ्या मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचलेलेच नाहीत, असेही त्या पाहणीने सांगितले. बाल्टिमोरचा आकडा डोळ्यांपुढे ठेवून हे वाचले की मनात येते, या वीसांतल्या एकाशेजारी आणखी किती मावश्या 'नाही' म्हणून बसल्या असतील?

आता काळाचा प्रश्न घ्या. 'पहिल्यांदा असे झाले तेव्हा वय किती होते?' असे विचारले तर लोक ढोबळ आकडा ठोकून देतात, आणि तो बहुधा अलीकडचा असतो. म्हणून १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅनेल, केसलर आणि इतरांनी प्रश्नाच्या पायऱ्या केल्या. आधी विचारायचे, 'नेमके वय आठवते का?' नाही म्हटले तर 'साधारण किती?' तेही नसेल तर 'शाळेत जायच्या आधी का? तेरा वर्षांच्या आधी का? विशीच्या आत का?' असे एक एक पाऊल टाकत जायचे. या पद्धतीने आलेली उत्तरे अधिक पटण्यासारखी निघाली.

घटना कधी घडली हे ठरवायला एखादी ठळक खूण लागते, हे एलिझाबेथ लॉफ्टस यांनी फार छान दाखवले. अमेरिकेत १८ मे १९८० रोजी सेंट हेलेन्स नावाचा ज्वालामुखी उसळला. त्यानंतर सहा महिन्यांनी त्या भागातल्या लोकांना विचारताना 'गेल्या सहा महिन्यांत' न म्हणता 'ज्वालामुखी उसळल्यापासून' असे विचारले. 'सहा महिने' म्हटले की लोक आठ-दहा महिन्यांपूर्वीची घटनाही आत ओढतात. ज्वालामुखीची रेघ आखली की अलीकडचे आणि पलीकडचे नीट वेगळे होते.

आपल्या आजीला हे कोणी शिकवावे लागले नव्हते. 'तुझा बाप कोयनेचा भूकंप झाला त्या वर्षीचा' असेच ती सांगायची. आपल्याकडे अशा खुणा भरपूर आहेत. १९८४ मध्ये इंदिराबाई गेल्या ती दिवाळी. १९९३ चा किल्लारीचा भूकंप, गणपती बोळवून लोक झोपले होते त्या पहाटेचा. २००५ चा कृष्णेचा पूर आणि नंतर २०१९ चा. बेळगावात सुवर्ण विधानसौधचे उद्घाटन झाले ते २०१२. नोटा बंद झाल्या तो ८ नोव्हेंबर २०१६. लॉकडाऊन लागले तो मार्च २०२०. आणि या सर्वांहून पक्की खूण म्हणजे आपल्या गावची लक्ष्मीची जत्रा, कारण तेव्हा घराला रंग लागलेला असतो आणि सगळे सोयरे एका छपराखाली आलेले असतात.

अभ्यासकांनी याचीच एक रीत बसवली आहे. तिला ते आयुष्याचे कॅलेंडर म्हणतात. कागदावर एक लांब रेघ ओढायची. तिच्यावर आधी सोप्या गोष्टी मांडायच्या, म्हणजे शाळा, लग्न, मुलांचे जन्म, घर बांधले, नोकरी लागली, बदली झाली, कोण वारले. त्यावर पूर, जत्रा, निवडणूक अशा बाहेरच्या खुणा लावायच्या. आणि मग त्या खुणांच्या मध्ये मध्ये विचारायचे, त्या दिवसांत झोप कशी होती, जेवण कसे होते, कामात मन लागत होते का. एक आठवण दुसरीचे बोट धरून येते. 'कधी आजार झाला होता का' या प्रश्नाला बोट धरायला काहीच नसते.

आपल्यासारख्या दोन भाषांत राहणाऱ्या घरांना यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. 'बेजार' हाच शब्द घ्या. मराठीत 'फार बेजार झाले' म्हणजे हैराण झाले, अंगाने थकले. दुखणाईत माणसालाही आपण बेजार म्हणतो. कन्नडमध्ये 'मनसिगे बेजार आगेत्रि' म्हणजे मन खट्टू झाले, दुःखी झाले, कंटाळले. मराठी सुनेने 'बेजार झाले' म्हटले आणि कन्नड बोलणाऱ्या डॉक्टरांनी ते मनाचे समजून घेतले, किंवा कन्नड आजीने 'बेजार' म्हटले आणि मराठी नातवाने ते अंगाचे समजले, तर औषधच बदलायचे! त्यापेक्षा 'झोप येत नव्हती का', 'निद्दि बरतिरलिल्ला?' असे रोजचे, शरीराचे शब्द दोन्ही भाषांत सरळ पोचतात.

आठवण कोणत्या भाषेत ठेवलेली आहे, हेही महत्त्वाचे. व्हायोरिका मॅरियन आणि उलरिक नाइसर यांनी २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. रशियन घरांतून अमेरिकेत येऊन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या त्यांनी दोन्ही भाषांत मुलाखती घेतल्या. रशियनमध्ये विचारले तेव्हा त्यांना रशियन बोलण्याच्या काळातल्या आठवणी जास्त आल्या, इंग्रजीत विचारले तेव्हा इंग्रजीतल्या. आपल्याकडे कितीतरी घरांत आईचे माहेर कन्नड आणि सासर मराठी, किंवा मुलाची शाळा कन्नड आणि घर मराठी. तेव्हा आईच्या माहेरच्या दिवसांबद्दल विचारायचे असेल तर माहेरच्या भाषेत विचारून बघा. मावशी मराठीत बोलत होती, पण अक्कांच्या त्या एका कन्नड वाक्यानंतर ती आणखी मोकळी झाली, हे मी स्वतः पाहिले. त्या दिवसांत तिच्याजवळ बसायला अक्काच येत असत.

इथे एक सावधगिरीची सूचना मात्र द्यायलाच हवी. आठवायला मदत करणे वेगळे आणि आठवण तोंडात घालणे वेगळे. ज्या लॉफ्टसबाईंनी ज्वालामुखीची खूण वापरली, त्यांनीच १९९५ साली एक उलटा प्रयोग प्रसिद्ध केला. चोवीस जणांना त्यांच्या लहानपणीच्या काही गोष्टी, घरच्यांकडून घेऊन, वाचायला दिल्या. त्यांत 'तू लहानपणी बाजारात हरवला होतास' अशी एक बनावट गोष्ट मिसळलेली होती. सुमारे चौथाई लोकांना ती कधीही न घडलेली गोष्टसुद्धा पूर्ण किंवा अर्धवट 'आठवली'! म्हणून 'तू तेव्हा उदासच होतीस, होय ना?' असे कधी विचारू नये. 'ते दिवस कसे गेले?' असे विचारावे आणि गप्प बसावे. उत्तर 'चांगले गेले' असे आले तर तेही उत्तरच आहे. उकरत बसू नये.

दुसरी सावधगिरी एकांताची. आपल्याकडे पाहणी करणारी बाई आली की तिला सोप्यावर बसवतात, चहा ठेवतात, आणि घरातली चार माणसे भोवती जमतात. सासऱ्यांसमोर कोणती सून सांगेल की मला तेव्हा जीव नकोसा झाला होता? पुरुषांचेही तसेच. बायको-मुलांसमोर 'मला रात्री छाती धडधडून जाग यायची' हे सांगायला जीभ रेटत नाही. तेव्हा घरी पाहणीला कोणी आले, तर ज्याची मुलाखत आहे त्याला एकटे सोडून आपण आत जावे. एवढी मदत आपण कोणीही करू शकतो.

वाचकहो, तुम्ही म्हणाल, गेलेले दिवस गेले. तीस वर्षांपूर्वीचे रडणे आता उकरून काय मिळवायचे? याला कारण आहे. आईला किंवा बहिणीला बाळंतपणानंतर असे नैराश्य येऊन गेले असेल, तर मुलीलाही ते येण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. आधी ठाऊक असेल तर डॉक्टर लक्ष ठेवतात. बाळंतपणानंतर पहिले आठ-दहा दिवस थोडे रडू येणे बहुतेकींना होते आणि ते जाते. पण दोन आठवडे उलटूनही झोप नाही, बाळाकडे बघावेसे वाटत नाही, जगणे नकोसे वाटते, तर वाट न बघता उपचार सुरू करता येतात. तसेच, आज खचून बसलेल्या तरुणाला पूर्वी कधी उलटे, म्हणजे झोपेशिवाय दिवसरात्र धावपळ, अफाट बोलणे, वारेमाप खर्च, असे दिवस येऊन गेले असतील, तर त्याचे औषध वेगळे असते. केवळ नैराश्याची गोळी देऊन चालत नाही, कारण त्या गोळीने ती उलटी लाट पुन्हा उसळू शकते. ही माहिती कुठल्याही रक्ततपासणीत मिळत नाही. ती फक्त घरच्या माणसांच्या आठवणीत असते.

म्हणून एखाद्या निवांत दुपारी, मुद्दाम मुलाखत घ्यायला बसल्यासारखे नव्हे, तर शेंगा फोडता फोडता किंवा जुने फोटो बघता बघता, आपल्या आईला, आजीला, वडिलांना त्यांच्या आयुष्याची रेघ ओढायला सांगा. लग्नाचे वर्ष, जत्रेचे वर्ष, पुराचे वर्ष. मधल्या गप्प जागा कुठे आहेत, ते त्यांचे त्यांनाच दिसेल. जे कळेल ते चारचौघांत बोलू नका. फक्त डॉक्टरांना सांगायची वेळ आली की सांगा, तेही ज्याचे त्याला विचारून. आणि बोलता बोलता कळले की दुखणे मागचे नाही, आजही चालू आहे, तर सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या या सेवेचा क्रमांक १४४१६. फोन फुकट लागतो, दिवसरात्र लागतो, आणि मराठीत बोला की कन्नडमध्ये, दोन्ही चालते.

परवा आम्ही पुन्हा त्याच दवाखान्यात गेलो. या वेळी मावशीने स्वतःच डॉक्टरीणबाईंना सांगितले. आवाज थोडा कापत होता, पण जत्रेपासून पंचमीपर्यंत सगळे क्रमाने सांगितले. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतले, कागदावरची जुनी खूण खोडली, शेजारी दोन ओळी लिहिल्या आणि बाळंतपणानंतर हिला कधी कधी दाखवायला आणायचे ते ठरवून दिले. माझी बहीण आईकडे बघतच राहिली. तिला यातले काहीच माहीत नव्हते.

बाहेर पडल्यावर मावशी म्हणाली, "साखर हाय म्हणून सांगायला लाज वाटत नाही, मग ह्याची काय लाज?" आणि थोडे चालून गेल्यावर, जणू आत्ताच सुचल्यासारखे, "पुढच्या जत्रेला बाळ वर्षाचं झालेलं असेल. ह्या वेळेला मी देवी बघणार हां. तुम्ही घर सांभाळा."